जन्मस्थळाचा रकाना

(1984 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला तो 'स्थलांतर आणि आपण'. फोनवर म्हणाले, "तू मोजणी खात्यात आहेस, जमिनीचं तुला कळतं, पंधरा-वीस मिनिटं बोल." मोजणी खात्यातल्या माणसाला बोलायची सवय कमी. आमचं काम साखळी ओढायची, आकडा लिहायचा, खाली सही करायची. आता साखळी गेली, मशीन आलं, पण स्वभाव तोच राहिला. तेव्हा गोड मानून घ्या.

विषय मिळाल्यावर मी पहिली गोष्ट केली ती ही, की आताच्या मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन शाळेचं जनरल रजिस्टर काढून बघितलं. आपल्या वेळचं. पाठपुठ्ठा सुटलाय, कडा वाळवीने खाल्ल्यात, पण अक्षर अजून स्वच्छ आहे. त्या वेळच्या लेखनिकांना मी मनातल्या मनात नमस्कार केला. नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, आणि त्याच्या शेजारी एक रकाना: जन्मस्थळ. 1976 सालानंतरची पानं उलटत गेले. पानामागून पान अशी गावं, ज्यांच्यावर आज पाणी आहे. आपल्या वर्गातल्या निम्म्याच्या जवळपास मुलांचं जन्मस्थळ उजनीच्या पाण्याखाली आहे. त्या पानांवर आम्ही वेगळे दिसत नाही, एकाखाली एक आहोत. वर्गात मात्र आपण दोन होतो. तुम्ही 'गावातले' आणि आम्ही 'धरणातले'.

हसू नका, म्हणायचातच तुम्ही. "ती धरणातली पोरं आली बघा." आणि आम्हीही तुमच्या विहिरीवर पाणी भरताना तोंड वाकडं करायचो, की ह्यांच्या पाण्याला चव नाही, आमच्या भीमेचं पाणी कसं होतं.

आज इथे आपली मुलंसुनाही आलेली आहेत, म्हणून थोडं मागचं सांगते. उजनीचं काम 1969 च्या सुमाराला सुरू झालं आणि 1980 ला धरण पुरं झालं. एकूण साठा साधारण 117 टीएमसी. त्यातला जवळपास 63 टीएमसी मृतसाठा, म्हणजे एरवी कालव्याला न येणारं, तळाशी राहणारं पाणी. सोलापूर जिल्ह्याची शेती, सोलापूर शहराचं पिणं, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे उसाचे आणि ज्वारीचे पट्टे, हे सगळं या धरणावर आहे. धरण नको होतं असं आमच्यातलं कुणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. 1972 चा दुष्काळ आमच्या आईवडिलांनी खडी फोडून काढला होता. सुकडीवर दिवस काढलेल्या माणसाला 'पाणी अडवायचं आहे' म्हटल्यावर तो कोणत्या तोंडाने नाही म्हणेल? आमचे आबा म्हणायचे, दुष्काळाने आधी पीक नेलं, मग बैल नेले, आणि जाताना भांडायचं बळ नेलं.

आमच्या जिल्ह्याला धरणाविरुद्ध भांडायची परंपरा नव्हती असं मात्र नाही. मुळशीच्या मावळ्यांनी 1921 ला टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात उतरले. धरण झालंच. पुढे कोयनेचं झालं. कोयनेची माणसं उठली तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. कुणी रायगडला गेलं, कुणी रत्नागिरीला, कुणी सांगली-सोलापूरला. आमची घरं उठत होती त्या काळात, 1976 साली, महाराष्ट्राने विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. देशात असा कायदा करणारं आपलं राज्य पहिलं. त्यातली मूळ कल्पना मला आजही न्याय्य वाटते. धरणाचं पाणी ज्याच्या शेतात जाणार त्याने आपल्या जास्तीच्या जमिनीतला तुकडा, ज्याचं शेत त्या पाण्यात गेलं त्याला द्यायचा. कागदावर किती सरळ आहे! खात्यातल्या नोकरीत मी त्याची अंमलबजावणी जवळून पाहिली. आदेशात जमीन आहे, ताब्यात नाही. ताब्यात आहे, तर वाट नाही. वाट आहे, तर पाण्याची पाळी शेवटची. जमीन हवी असेल तर मोबदल्यातली 65 टक्के रक्कम आधी भरायची, आणि ती भरायला सांगणारी नोटीस अशा घरात गेलेली की ज्या घरात वाचणारं कोणी नाही. मोबदला तोवर मुलीच्या लग्नात किंवा पत्र्याच्या घरात संपलेला. रक्कम भरली नाही म्हणून जमीन नाही, असे कितीतरी.

आता निवाड्याबद्दल सांगते, कारण हा माझा विषय आहे. भूसंपादनाचा निवाडा म्हणजे सरकार काय काय घेतं आणि त्याचे किती देतं त्याचा हिशेब. मी नोकरीला लागल्यावर आमच्या गावचा निवाडा मिळवून वाचला. जिरायत जमीन इतकी, बागायत इतकी, पोटखराबा इतका. विहीर एक, दगडी बांधकाम. आंब्याची झाडं, चिंचेची झाडं, बाभळी. घराचे खण, माळवद, दरवाजे. फार बारकाईने केलेलं काम आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण आमच्या गावात न्हाव्याचं एक घर होतं, सुताराची दोन, कुंभाराचं एक, गुरवाचं एक. त्यांना जमीन जवळपास नव्हतीच. त्यांची सगळी मिळकत म्हणजे वर्षाच्या शेवटी खळ्यावर मिळणारं बलुतं, आणि ते ज्या घरांकडून मिळायचं ती घरं. ती घरं चार दिशांना गेली. बलुत्याचा रकाना निवाड्यात नाही. कुंभाराला नदीकाठची माती लागते, मातीचाही रकाना नाही. या घरांना नव्या गावठाणात प्लॉट मिळाला आणि काम तुटलं. म्हणून बघा, आपल्या वर्गातून शाळा अर्धवट सोडून सगळ्यात आधी पुण्याला, पिंपरी-चिंचवडला कंपन्यांत कोण गेलं? आठवीतच कोण कोण गळलं? रजिस्टरात त्यांच्या नावापुढे शेरा आहे, 'सतत गैरहजर, नाव कमी केले'. आडनावं वाचली की कळतं, जमीन नसलेल्यांची घरं ती.

बायकांचंही तसंच. मोबदला आजोबांच्या, वडिलांच्या नावावर. आमच्या आईचं माहेर आमच्या गावापासून तीन कोसांवर, नदीच्या पलीकडे, करमाळ्याच्या अंगाला. उन्हाळ्यात नदी गुडघाभर. पोळीभाजी बांधून सकाळी निघायचं, दुपारी आजीच्या ओसरीवर. दोन्ही गावं गेली. नवी गावठाणं झाली ती दोन तीरांवर, आणि मधलं अंतर कित्येक मैल पाण्याचं. एसटीने जायचं तर टेंभुर्णीला वळसा घालून दिवस मोडतो. आईच्या पिढीतल्या किती बायकांची माहेरं अशी तुटली याची नोंद कुठल्या खात्याने ठेवलेली नाही. सख्ख्या बहिणी सोयरिकीच्या निमित्ताने चार वर्षांतून एकदा भेटायला लागल्या, पुढे बाराव्या-तेराव्यालाच. मग पोरीही त्या तीरावर द्यायच्या बंद झाल्या. पिढ्यान्‌पिढ्यांचा सोयरसंबंध होता तो मोडला, आणि कुणी ठरवून मोडला नाही.

ज्यांना जावंच लागतं ते बोटीने जातात. 2024 च्या मे महिन्यात, 21 तारखेला, कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण गेले, त्यात लेकरंही होती. वर्तमानपत्रांनी 'जलाशयात बोट उलटली' असं छापलं, ते बरोबरच आहे. मला इतकंच सांगायचं आहे की धरणाच्या आधी त्या दोन तीरांची माणसं उन्हाळ्यात चालत ये-जा करायची.

आता जरा शाळेकडे येते, नाहीतर सर म्हणतील विषय सोडून बोलते.

नवं गावठाण या गावाच्या माळावर बसलं. 'सरकारी माळ' असं आम्हाला सांगितलेलं, पण तो सगळा सरकारी नव्हता. त्यातली काही एकरं इथल्या लोकांची होती, संपादन करून घेतलेली. आपल्या वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या एकाच्या वडिलांचा तुकडा त्यात गेला. म्हणजे बघा, आमचं गाव धरणाने घेतलं आणि त्यांचं शेत आमच्यासाठी घेतलं. तो माझ्याशी तीन वर्षं बोलला नाही. मला कारण माहीत नव्हतं, मला वाटायचं मी गणितात पहिली येते म्हणून. कारण कळलं ते नोकरीत आल्यावर, नकाशावर गट नंबर बघताना. आज तो समोर बसलाय आणि सकाळी त्यानेच मला स्टँडवरून गाडीत घेतलं, तेव्हा हे सांगायला त्याची हरकत नाही, मी विचारून घेतलंय.

शाळेने काय केलं? भाषणं फारशी केली नाहीत. एक केलं, बाकावर बसायचा क्रम उंचीप्रमाणे लावला. त्यामुळे गावातले आणि धरणातले मिसळले. आपल्या वर्गशिक्षकांनी ते मुद्दाम केलं की उगीच, हे त्यांनीच सांगावं, ते समोर आहेत. दुसरं, बाईंनी भूगोलाच्या तासाला आम्हाला बुडालेल्या गावाचा नकाशा काढायला लावला. आठवतंय ना बाई? मारुतीचं देऊळ कुठे, पार कुठे, कुणाचा वाडा कुठे. मी काढला, शेजारच्या गावच्या मुलाने काढला, आणि त्या नकाशांवर गावातली मुलं बोटं ठेवून विचारत होती, हे काय, ते काय. पुढची सगळी नोकरी मी नकाशेच केले, त्यातला पहिला तो.

आमचे देवही उठले होते, हे मुलांना सांगायला हवं. मारुती आणता आला, तो बैलगाडीत बसला. नव्या गावठाणात त्याला कुडाचं देऊळ झालं, आता स्लॅबचं आहे. गावाबाहेरच्या म्हसोबाचा तांदळा तिथेच राहिला, कारण म्हसोबा शिवेचा, आणि शीव काही आणता येत नाही. पळसदेवचं जुनं हेमाडपंती देऊळ तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. साठा उण्यात खूप खाली गेला की ते वर येतं. 2013 च्या दुष्काळात आलं, 2024 च्या उन्हाळ्यात आलं. फोटो काढायला मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात. आम्हीही जातो. आम्हाला तिथे आनंद होतो, आणि त्याच दिवशी सोलापुरात नळाला पाणी नसतं. गाव दिसावं असं वाटणं म्हणजे दुष्काळ पडावा असं वाटणं. ही असली मनःस्थिती कुणाला समजावून सांगता येत नाही, म्हणून आपण फोटो काढतो आणि चहा पिऊन परत येतो.

पाणी ओसरलं की जी जमीन उघडी पडते तिच्यात गाळपेर करतात. माझा चुलतभाऊ करतो. जिथे पेरतो ते आमचंच रान, आजोबांच्या नावचं. आता सातबारा सरकारच्या नावावर. एकदा मी खात्याच्या कामाने तिकडे गेले तर तो म्हणाला, "ताई, मोजून दे की, आपला बांध कुठे होता?" मी जुन्या टिपणावरून अंदाजाने दाखवला. त्याने तिथे दगड ठेवला. पावसाळ्यात दगड पाण्याखाली. पुढच्या उन्हाळ्यात त्याने पुन्हा विचारलं.

नोकरीचंही सांगून टाकते. प्रकल्पग्रस्तांना सरकारी नोकरीत 5 टक्के जागा आहेत, आणि दाखला कुटुंबातल्या एकालाच मिळतो. एक दाखला, चार भावंडं. तुमच्यापैकी किती घरांत या एका कागदावरून बोलणं बंद झालं ते मला माहीत आहे, मी नावं घेत नाही. आमच्या घरात तो मला मिळाला. अण्णांनी ठरवलं. त्या काळात दाखला मुलीला देणं म्हणजे वेडेपणा होता, "लेक परक्या घरी जाईल, पगारही तिकडेच जाईल" असं भावकी म्हणाली. माझ्या भावाने मनाला लावून घेतलं आणि तो भोसरीला निघून गेला. आज त्याची मुलं शुद्ध पुणेरी बोलतात. गावाला आली की विचारतात, "आत्या, आपलं मूळ गाव कोणतं?" मी त्यांना नवं गावठाण दाखवते, मग तलावाकडे बोट करते. धाकटा म्हणाला, "म्हणजे आपण मासे आहोत का?" मासे चिलापी आणि कटला, भिगवणच्या बाजारात रोज जातात, आपण नाही म्हटलं.

भिगवणवरून आठवलं. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी येतात, ते बघायला दुर्बिणीवाले येतात, आणि आपल्याच कुंभारगावच्या पोरांना त्यातून नावाडी, वाटाड्या म्हणून रोजगार मिळाला. चांगलं झालं. पण एक गंमत बघा, पक्ष्यांना 'पाहुणे' म्हणतात आणि आम्हाला 'ग्रस्त'. धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त, पूरग्रस्त. पंचेचाळीस-पन्नास वर्षं झाली, नातवंडं झाली, तरी कचेरीत गेल्यावर पहिला प्रश्न तोच, "ग्रस्त आहात का?" सवलत हवी असेल तर हो म्हणावं लागतं. आणि हो म्हणता म्हणता माणूस खरोखरच स्वतःला तसं समजायला लागतो. माझ्या ओळखीत एक गृहस्थ आहेत, 60 एकर ऊस, दोन ट्रॅक्टर, तरी बोलायला लागले की "आम्ही बिचारे धरणग्रस्त". आणि दुसरीकडे खरोखरच कागद न मिळालेली म्हातारी बाई, जी हा शब्द कधी उच्चारत नाही.

आता शेवटचा मुद्दा. हा काहींना आवडणार नाही, पण मला बोलायला बोलावलंय.

धरणाच्या काठाला ऊस झाला. मोटारी लागल्या, पाणी खाली गेलं की पाइप वाढवायचे, केबल वाढवायची, पण ऊस जगवायचा. ऊस आला तसे कारखाने आले, आणि कारखान्यांबरोबर दर दिवाळीनंतर बीड, नगर, जालन्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या. चार-पाच महिने आपल्या रानात, रस्त्याकडेला कोप्या. नवराबायको मिळून एक कोयता. पहाटे तीन-चारला फडात, आणि लेकरं कोपीत किंवा फडाच्या कडेला. त्यांच्या गावच्या शाळेत त्यांचं नाव आहे, पण ती इथे आहेत. तिथल्या हजेरीवर गैरहजेरीचा शेरा पडत असेल. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पूर्वी साखरशाळा होत्या, पण ती सोय प्रत्येक कोपीपर्यंत पोचत नाही.

आपण त्यांना काय म्हणतो? "टोळीवाले." "टोळीवाल्यांची पोरं आली, चपला आत घ्या." मी हे आमच्याच नव्या गावठाणातल्या ओसऱ्यांवर ऐकलंय. धरणातल्या माणसांच्या तोंडून. मागच्या हंगामात शाळेत चार मुलांना बसवून घ्यायचा विषय निघाला तर पालकांपैकी काहींनी हरकत घेतली, की आमच्या मुलांच्या अभ्यासावर परिणाम होईल. हरकत घेणाऱ्यांत आपल्या तुकडीतले दोघं होते. दोघंही इथे आहेत. मी त्यांच्याशी भांडायला उभी नाही. त्यांनी फक्त 1977 चं रजिस्टर बघावं, मी खूण घालून ठेवलंय. आपण आलो त्या वर्षी गावाने हरकत घेतली असती तर ती पानं कोरी असती.

मुख्याध्यापकांशी माझं बोलणं झालंय. शिक्षण हक्काच्या कायद्यात, वयाच्या मुलाला कधीही प्रवेश द्यायला हवा, दाखला नाही म्हणून नाकारता येत नाही. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना बसवून घ्यायला ते तयार आहेत. अडचण दुसरीच आहे. मुलांना कोपीवरून आणायचं आणि परत सोडायचं कोण, कारण आईबाप फडात असतात. आणि मोठी मुलगी शाळेत आली तर तिच्या कडेवरच्या भावंडाचं काय. म्हणजे एक गाडी, एक माणूस आणि अंगणवाडीच्या ताईंना थोडी मदत, एवढी गरज आहे, पाच महिन्यांसाठी. आज आपण शाळेला कमान देणार आहोत. कमानीचा खर्च मी पावतीपुस्तकात पाहिला. कमान जरूर करावी, पण पुढच्या वर्षी करावी, असं माझं मत आहे, आणि ते मी समितीला लेखी दिलंय.

दुसरं, रजिस्टर. ते स्कॅन करून घेतलं पाहिजे, हे पैशाचं फार मोठं काम नाही. जातपडताळणीला, वारसनोंदीला लोक या रजिस्टराचा उतारा मागायला येतात आणि कागद हातात तुटतो. ज्या गावांची ग्रामपंचायत, चावडी, दप्तर सगळं हललं, त्या गावांत कोण जन्मलं याचा इतका जुना पुरावा दुसरीकडे सहज मिळत नाही. ज्यांच्या घरी जुन्या नोटिसा, मोबदल्याच्या पावत्या, गावाचे फोटो असतील त्यांनी आणावेत, मी क्रमाने लावून देईन. बाईंच्या तासाला काढलेले नकाशे कुणी जपून ठेवले असतील तर तेही. माझा माझ्याकडे नाही, आईने चुलीत घातला.

टोळ्या आल्यात. शाळेच्या कुंपणापासून पहिली कोपी साडेतीनशे मीटरवर आहे, काल संध्याकाळी मी चालत जाऊन आले. तिथे शाळेच्या वयाची सात लेकरं मोजली. वही माझ्याजवळ आहे. गाडी कोण देणार, कुठल्या वारी कोण येणार, हे जेवणाच्या मांडवात लिहून घेते. मी दाराजवळच्या टेबलाशी बसले आहे.